अकरा नंबरचा बावटा

माझे बालपण कोकणात, खाडीकाठच्या एका गावी गेले. श्रावणातल्या किंवा दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी धक्क्यावरून येणारा माणूस आमच्या ओटीपाशी थांबून सांगत असे, "तीन नंबर लागलाय." एवढे ऐकले की आजी वाळवण आत घ्यायला सांगे आणि होड्या खाडीत आत ओढल्या जात. तीन नंबर म्हणजे काय, तो कोण लावतो आणि एक व दोन नंबर कुठे गेले, हे आम्ही कधीच विचारले नाही. आमच्या लेखी तीन नंबरचा बावटा हा समुद्राचाच एक स्वभाव होता.

एक आणि दोन नंबर कुठे गेले, हे मला पुढे सरकारी नोकरीत आल्यावर कळले. बंदरांवर लावायचे वादळाचे इशारे एकूण अकरा आहेत. मोठ्या बंदरांवर ते सर्वच्या सर्व वापरले जातात. लहान आणि मासेमारीच्या बंदरांवर मात्र पाचच, म्हणजे तीन, चार, सात, दहा आणि अकरा. पहिले दोन दूर समुद्रातल्या वादळाविषयी निघणाऱ्या जहाजांना सांगतात. तीन आणि चार हे स्थानिक सावधगिरीचे. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. दिवसा काळ्या शंकूंच्या आणि नळकांड्यांच्या आकृत्या खांबावर चढवायच्या, रात्री लाल-पांढरे दिवे. आणि शेवटचा अकरावा. त्याचा अर्थ असा : इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवामान बिघडण्याचा धोका आहे, असे स्थानिक अधिकाऱ्याचे मत आहे.

शासनाच्या हजारो नियमांत असा नियम मी क्वचितच पाहिला आहे. वरून आदेश येईनासा झाला, तर ती शांतता हाच एक इशारा समजावा आणि जागेवरच्या माणसाने स्वतःच्या मताने काय ते करावे, असे हा नियम सांगतो. आपल्या देशातील चक्रीवादळांच्या प्रशासनाचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास मला या अकराव्या बावट्याभोवती फिरताना दिसतो. तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे. शेवटी त्यात माझाही एक लहानसा आणि फारसा भूषणावह नसलेला प्रसंग आहे.

सुरुवात कलकत्त्यापासून करावी लागते. हेन्री पिडिंग्टन हा इंग्रज दर्यावर्दी तिथे स्थायिक झाला होता आणि सागरी अपघातांच्या चौकशी न्यायालयाचा तो अध्यक्ष होता. बंगालच्या उपसागरातून वादळात सापडून आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या तो गोळा करी, प्रत्येक जहाजाने कोणत्या वेळी कोणत्या दिशेचा वारा नोंदवला ते नकाशावर मांडी आणि त्यावरून वादळाची वाट शोधून काढी. वारा सरळ रेषेत न वाहता एका केंद्राभोवती वेटोळे घालतो, हे या नोंदींतून स्पष्ट होत होते. सापाच्या वेटोळ्याचा भाव असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने 'सायक्लोन' हा शब्द घडवला आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथाद्वारे तो रूढ केला. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द कलकत्त्याच्या एका दफ्तरात जन्मला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

पिडिंग्टनचे दुसरे काम प्रशासनाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. हुगळी नदी गाळाने भरत चालली होती, म्हणून सुंदरबनातील मातला नदीवर कलकत्त्याला पर्यायी बंदर उभारण्याची योजना सरकारने आखली. १८५३ साली पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना एक जाहीर पत्र लिहिले. त्यात त्याने बजावले की या जागी एक दिवस चक्रीवादळाच्या ऐन धुमाळीत समुद्राची प्रचंड लाट आत शिरेल आणि वस्ती पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल. पत्राचा उपयोग झाला नाही. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. बंदर झाले, त्याला कॅनिंग यांचे नाव दिले गेले, धक्के आणि रेल्वेही आली. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले आणि सुमारे सहा फुटांच्या लाटेने ते बंदर उद्ध्वस्त केले. पाच वर्षांच्या आत सरकारने ते सोडून दिले. ज्ञान होते, लेखी होते आणि ज्याच्या हाती निर्णय होता त्याच्या टेबलापर्यंत पोहोचलेही होते.

बंगालच्या उपसागराचा धाक इतका का, याचा खुलासा येथे करणे इष्ट. जगात उठणाऱ्या उष्णकटिबंधीय चक्रीवादळांपैकी उत्तर हिंदी महासागराच्या वाट्याला फार थोडी येतात, आणि ती बहुधा दोन हंगामांत : एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे परस्परविरुद्ध दिशांना जोरात वाहत असल्यामुळे वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही. पण उपसागराचा माथा नरसाळ्यासारखा निमुळता आहे, तळ उथळ आहे, भरती-ओहोटीतले अंतर मोठे आहे आणि किनारा सपाट व दाट वस्तीचा आहे. वाऱ्याने ढकललेले पाणी या नरसाळ्यात चढत जाते. त्यात भरतीची वेळ गाठली की समुद्र कित्येक मैल जमिनीवर येतो. वाऱ्याने घरे पडतात, परंतु माणसे मरतात ती मुख्यतः या पाण्याने.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी असेच पाणी हुगळीतून वर चढले. कलकत्त्याच्या बंदरातील बहुतेक जहाजांचे नांगर तुटले, ती एकमेकांवर आदळली किंवा काठावर फेकली गेली. नदीच्या मुखापासून वरपर्यंत सुमारे पन्नास ते साठ हजार माणसे दगावली. महिना उलटतो न उलटतो तोच मच्छलीपट्टणला दुसरे वादळ आदळले आणि तिथेही हजारो गेले. या आघातानंतर एक समिती नेमली गेली आणि १८६५ पासून कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनी वायुभार व वारा यांच्या नोंदी तारेने कळवायच्या आणि त्यावरून बंदराने बावटा लावायचा, अशी ती व्यवस्था होती. पुढे १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. या सगळ्याच्या परिणामी १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि १८६४ च्या वादळाच्या अहवालाचे एक लेखक हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. १८८० साली पश्चिम किनाऱ्यावरील मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आणि कुमठा या बंदरांना इशारे मिळू लागले. १८९८ मध्ये देशभरच्या बंदरांसाठी एकच पद्धत ठरली. आमच्या गावच्या तीन नंबराची कुळी ही अशी आहे.

या व्यवस्थेचे मोल मी कमी लेखत नाही. तार, तापमापक, वायुभारमापक आणि शिस्तशीर नोंदवही यांच्या बळावर उभी राहिलेली ती एक मोठी प्रशासकीय निर्मिती होती. परंतु तिच्या पत्त्यांच्या यादीकडे पाहावे. त्या यादीत बंदर अधिकारी होते, जहाजांचे कप्तान होते, जहाजमालक होते. भाताच्या खाचरात झोपडी बांधून राहणारा कुळवाडी त्या यादीत नव्हता. इशारा मालाच्या रक्षणासाठी जन्माला आला होता आणि मालाला पत्ता असतो.

याची किंमत हवामान विभागाच्या स्थापनेच्या पुढच्याच वर्षी दिसली. ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री मेघनेच्या मुखाशी असलेल्या बाकरगंज आणि नोआखाली जिल्ह्यांवर, दक्षिण शाहबाजपूर, हातिया, संद्वीप या बेटांवर समुद्र चढला. लोक झोपेत होते. बुडून आणि पाठोपाठ आलेल्या पटकीने मिळून सुमारे दोन लाख माणसे मेली. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल स्वतः त्या भागात फिरले. हेच टेम्पल पुढच्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले आणि दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी कापणारे म्हणून महाराष्ट्रात त्यांचे नाव राहिले. घराभोवती लावलेल्या झाडांच्या गर्दीत जे अडकले ते वाचले, अशी निरीक्षणे त्या वेळच्या कागदपत्रांत आहेत. सरकारजवळ तार होती, वेधशाळा होत्या, नवा विभाग होता, आणि माणसे वाचवली ती माडांनी आणि पोफळींनी.

त्यानंतरची अर्धी शतकभर विभागाची प्रगती होत राहिली. मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला आणि १९२८ साली पुण्याला आले. शिवाजीनगरच्या ज्या दगडी इमारतीमुळे त्या चौकाला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात, ती याच स्थलांतराची खूण आहे. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. दरम्यान वाऱ्याच्या वरच्या थरांचे वेध सुरू झाले आणि जहाजांवरून बिनतारी संदेश येऊ लागले. मात्र पत्त्यांची यादी फारशी वाढली नाही.

आणि एकदा तर ती जाणूनबुजून मिटवली गेली. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिदनापूर जिल्ह्याच्या तामलूक आणि कांथी भागांवर वादळ आले. दुसरे महायुद्ध चालू होते आणि हवामानाची माहिती लष्करी गुपित ठरली होती. जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनारी भागातील होड्या सरकारने आधीच काढून घेतल्या किंवा मोडल्या होत्या. त्यातच हा जिल्हा 'छोडो भारत' चळवळीचा बालेकिल्ला होता. सरकारी आकड्यांनुसार चौदा हजारांवर माणसे गेली आणि वादळाची बातमीसुद्धा कित्येक दिवस वृत्तपत्रांत येऊ दिली गेली नाही. मदतकार्यातील सरकारच्या वर्तनाचा निषेध करत बंगालचे अर्थमंत्री श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी त्याच नोव्हेंबरात राजीनामा दिला. उभे भात गेले आणि पुढच्या वर्षीच्या दुष्काळाला ते एक कारण झाले. हवामानखात्याच्या दृष्टीने या वादळात नवे काही नव्हते. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र होते. संपर्क येथे वाऱ्याने तुटला नव्हता, माणसांनी तोडला होता. अकरा नंबर लावण्याची वेळ होती आणि लावणारा स्वतःच सरकारला बांधलेला होता.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री समुद्र पुन्हा त्याच बेटांवर चढला. १८७६ साली ज्याला दक्षिण शाहबाजपूर म्हणत, ते आता भोला बेट झाले होते आणि देश पूर्व पाकिस्तान झाला होता. चौऱ्याण्णव वर्षांत फरक एवढाच पडला होता की आता आकाशात उपग्रह होता आणि कॉक्सबाजारला रडार होते. 'महाजगमित्र' हे भारतीय मालवाहू जहाज याच वादळात बुडाले. बुडण्यापूर्वी त्याने वाऱ्याच्या भयंकर वेगाची वर्दी दिली होती. तरीही तीन ते पाच लाख माणसे मेली. त्याआधी ऑक्टोबरात आलेल्या वादळाचा इशारा फुकट गेल्यासारखा लोकांना वाटला होता आणि या वेळी पुष्कळांनी घर सोडले नाही. पश्चिम पाकिस्तानच्या सरकारने मदतीत जी ढिलाई दाखवली, ती डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत मतदारांच्या मनात होती. वर्षभरात देश दुभंगला. एकट्या वादळाने राष्ट्र फुटत नाही, हे खरे. परंतु सरकार आपले नाही, ही जाणीव पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला जितकी लवकर होते तितकी इतर कोणाला होत नसावी.

भारतात असा धडा १९७७ साली मिळाला. १९ नोव्हेंबरला कृष्णा नदीच्या मुखाशी असलेल्या दिविसीमेवर सुमारे पाच मीटर उंचीची लाट आली. पालकायतिप्पासारखी गावे जवळपास पुसली गेली. अधिकृत आकडा दहा हजारांच्या घरात आहे, लोकांचा आकडा त्याहून पुष्कळ मोठा. या वेळी इशारे निघाले होते, पण किनाऱ्यावरच्या पाड्यांत त्यांना हातपाय फुटले नव्हते. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधण्याचे काम गांभीर्याने सुरू झाले. दुसरी, ऐंशीच्या दशकात इन्सॅट उपग्रहाद्वारे थेट किनारी गावांत इशारा पोहोचवणारी यंत्रे बसली. चेन्नई किंवा विशाखापट्टणमहून इशारा सुटला की गावातले यंत्र आपोआप भोंगा वाजवून स्थानिक भाषेत बोलू लागे. मधल्या दहा टेबलांना वगळून. मे १९९० मध्ये त्याच परिसराला तितकेच भयानक वादळ भिडले तेव्हा लाखो लोक आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा हजाराच्या आत राहिला.

यावरून प्रश्न सुटला असे वाटेल. परंतु राज्याची सीमा ओलांडली की अनुभवाचीही सीमा लागते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास होता. त्याच्या बारा दिवस आधी, १७ ऑक्टोबरला, त्याच राज्याच्या गंजाम जिल्ह्यावर एक वादळ येऊन गेले होते आणि यंत्रणेचे लक्ष व साहित्य तिकडे गुंतले होते. वादळ येत आहे हे ठाऊक होते. कुठे जायचे, हे मात्र जगतसिंहपूर जिल्ह्याच्या एरसमा भागातील माणसाला कोणी सांगू शकत नव्हते, कारण जायला जागाच नव्हती. रेडक्रॉसने बांधलेले थोडे निवारे होते, त्यांच्यात ज्यांना शिरता आले ते वाचले. जवळपास दहा हजार माणसे गेली, त्यातली बहुतेक एकट्या एरसमा परिसरातली. राजधानी भुवनेश्वरचाच बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. एका अख्ख्या राज्यावर अकरा नंबरचा बावटा लागला होता.

पुढचे मात्र अभिमानाने सांगावे असे आहे. दोन महिन्यांच्या आत ओडिशाने आपत्तींसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००५ साली आला. निवारे बांधले गेले, आणि ते असे की एरवी त्यात शाळा भरावी, म्हणजे किल्ली कोणाकडे आहे हे शोधत बसावे लागू नये. गावोगावी समित्या झाल्या, कोणत्या म्हाताऱ्याला कोणी उचलायचे हे नावानिशी ठरले, दरवर्षी त्याची रंगीत तालीम होऊ लागली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन हे वादळ गोपालपूरला, म्हणजे गंजाम जिल्ह्यातच धडकले, तेव्हा सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली होती. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मे २०१९ मधील फनी वादळाच्या वेळी बारा लाख माणसे हलली आणि ६४ दगावली. चौदा आणि वीस वर्षांच्या अंतराने आलेली ही वादळे १९९९ इतकी उग्र नव्हती, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. तरी दहा हजार आणि चौसष्ट यांतील अंतर केवळ वाऱ्याच्या वेगाने भरून निघत नाही.

किनाऱ्याचा प्रश्न असा बराचसा सुटत असताना समुद्रावरच्या माणसाचा प्रश्न मागे राहिला होता. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ श्रीलंकेजवळ कमी दाबाच्या तीव्र पट्ट्यातून जेमतेम एका दिवसात चक्रीवादळ झाले. कन्याकुमारी आणि केरळचे मच्छीमार त्याआधीच अनेक दिवसांच्या सफरीवर खोल समुद्रात गेले होते. त्यांच्या होडीवरचा बिनतारी संच थोड्याच अंतरापर्यंत चाले. किनाऱ्यावरून इशारा कितीही वेळेवर निघाला असता तरी त्यांच्या कानी पडणे शक्य नव्हते. कित्येक जण परतले नाहीत. काही होड्या वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येत राहिल्या आणि डिसेंबरच्या सुरुवातीला देवगडच्या आसऱ्याला लागल्या. अडुसष्ट होड्या आणि साडेनऊशेच्या आसपास माणसे. सिंधुदुर्गातल्या लोकांनी त्यांना जेवू घातले, भाषा कोणालाच कोणाची कळत नव्हती. ओखीनंतर खोल समुद्रातल्या होडीला उपग्रहाद्वारे संदेश देणारी साधने विकसित झाली, हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राचे इशारे त्यावरून जाऊ लागले. पत्त्यांच्या यादीत आणखी एक नाव चढले, ते दीडशे वर्षांनी.

इशाऱ्याच्या भाषेविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. हवामान विभागाच्या पत्रकात समुद्राच्या अवस्थांना ठराविक संज्ञा असतात. 'खवळलेला' म्हणजे अडीच ते चार मीटरच्या लाटा, 'अतिखवळलेला' म्हणजे चार ते सहा मीटर, आणि चौदा मीटरच्या पुढच्या अवस्थेला तर 'अद्भुत' अशा अर्थाची संज्ञा आहे. शास्त्राला ही काटेकोर भाषा लागते. परंतु 'तीव्र कमी दाबाचा पट्टा' आणि 'चक्रीवादळ' यांतला फरक टांकसाळीतल्या नाण्यासारखा चोख असला, तरी मासळी वाळत घालणाऱ्या बाईला त्यातून 'आज रात्री शाळेत झोपायला जा' हे वाक्य मिळत नाही. ते वाक्य कोणीतरी आपल्या जबाबदारीवर उच्चारावे लागते. २ मे २००८ रोजी म्यानमारवर आलेल्या नर्गिस वादळाची सूचना आपल्या हवामान विभागाने त्या देशाला सुमारे दोन दिवस आधी दिली होती. इरावतीच्या मुखप्रदेशात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. ते वाक्य उच्चारले गेले नाही.

आता माझा प्रसंग. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मी आंध्रच्या किनाऱ्यावर एका उपविभागाचा अधिकारी होतो. नोव्हेंबर महिना होता, मोबाइल अजून यायचे होते. दुपारी जिल्हा मुख्यालयातून निरोप आला की उपसागरात वादळ आहे, ते बहुधा आमच्या उत्तरेकडे जाईल, पुढील सूचनेची वाट पाहा. बंदरावर तीन नंबर लागला. संध्याकाळी पाऊस सुरू झाला, नऊच्या सुमारास दूरध्वनी बंद पडला आणि पोलिसांच्या बिनतारी संचावर खरखरीखेरीज काही येईना. मी बंदराच्या कचेरीत जाऊन बसलो. तिथला अधिकारी रजेवर होता. निवृत्तीला आलेला एक खलाशी तेवढा हजर होता. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "अय्या, अकरा चढवू का?"

अकरा म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. त्याने कंदील उचलून भिंतीवरच्या रंग उडालेल्या फळ्यावर धरला. मी शेवटची ओळ वाचली. स्थानिक अधिकाऱ्याचे मत. त्या रात्री तिथला स्थानिक अधिकारी मी होतो आणि मत देण्यासाठी माझ्याजवळ होते काय? घसरत चाललेला वायुभारमापकाचा काटा, ईशान्येचा वाढता वारा आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या तीन कोळीवाड्यांची नावे. आगारात दोन बस उभ्या होत्या. मला त्या मागवता आल्या असत्या. परंतु मुख्यालयाचा शेवटचा निरोप वाट पाहण्याचा होता. उगीच हजारभर माणसे भर पावसात हलवली, वादळ आलेच नाही, मागे कोणाची घरे फुटली, तर खुलासा मला द्यावा लागणार होता. वाट पाहिली म्हणून खुलासा कोणी मागत नाही. मी त्याला म्हणालो, लाइन लागेपर्यंत थांबू.

आम्ही साडेचार तास थांबलो. पहाटे वाऱ्याने दिशा बदलली, पाऊस ओसरला. वादळ समुद्रातच दुबळे होऊन दुसरीकडे गेले होते. सकाळी लाइन लागल्यावर मी अहवाल दिला की उपविभागात परिस्थिती नियंत्रणात आहे. तो अहवाल खरा होता. माझ्या सेवापुस्तकात त्या रात्रीचा उल्लेखही नाही. खलाशी मला काही बोलला नाही. त्याने फक्त कपाटातून काढून ठेवलेल्या अकरा नंबरच्या आकृत्या पुन्हा पुसून आत ठेवल्या. माझ्याकडून त्या रात्री जी चूक झाली, तिला फळ आले नाही इतकेच. एरसमाच्या बातम्या वाचताना, फायलिनचे आकडे वाचताना, मला दर वेळी ते तीन कोळीवाडे आठवतात. तिथली माणसे त्या रात्री झोपेत होती आणि मी जागा होतो.

या अनुभवातून आणि वर मांडलेल्या इतिहासातून मला एक व्यावहारिक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपण इशारे सुधारले, निवारे बांधले, उपग्रह सोडले. हे सर्व आवश्यकच होते आणि आहे. अंदाज आता चार-पाच दिवस आधी मिळतो आणि वादळाची वाट पूर्वीपेक्षा पुष्कळ अचूक सांगता येते. परंतु अंदाज कितीही सुधारला तरी वादळ त्यातल्या एका टोकाला जाणारच, आणि म्हणून हलवलेल्या दर दहा गावांपैकी काही गावे 'उगीच' हलवली गेली असे वाटणारच. तो उगीचपणा हा व्यवस्थेचा दोष मानू नये, तिचा नेहमीचा खर्च मानावा. ज्याने लोकांना हलवले आणि वादळ आले नाही, त्या तहसीलदाराला स्पष्टीकरण विचारले जाणार नाही, हे आधीच, हंगामापूर्वी, लेखी दिले जावे. हलवलेल्या घरांवर रात्री पहारा राहील, याची हमी लोकांना द्यावी. नाहीतर पुढच्या वेळी ते उठणार नाहीत, आणि १९७० सालच्या लोकांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही.

प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांपुढे बोलण्याची संधी मिळते तेव्हा मी त्यांना अकरा बावट्यांचा तक्ता दाखवतो. पहिले दहा ते झटकन टिपून घेतात. अकराव्यापाशी कोणीतरी हात वर करतो आणि विचारतो की सर, संपर्क तुटला असेल तर हा बावटा चढवण्याची परवानगी कोणाकडून घ्यायची? मी त्याला हसत नाही. मीही एका रात्री साडेचार तास तेच विचारत बसलो होतो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो असताना धक्क्यावर फिरायला गेलो. काठीवर तीन नंबर लागला होता आणि होड्या खाडीत आत आल्या होत्या. जाळे शिवत बसलेल्या एका वृद्ध तांडेलाला मी विचारले, अकरा नंबर कधी पाहिलात का? तो म्हणाला, "नाय बा. तो कधी लागतो?" मी त्याच्याजवळ बसलो आणि त्याला सांगितले.